अहवालात नसलेलं नाव

समुद्राजवळच्या एका शेतात मोटार उभी आहे आणि आत कोणी नाही. बायकोने बहुधा पाण्यात उडी घेतली, असं नवऱ्याचं म्हणणं. जॉन बॅन्व्हिल यांच्या 'द ड्राउन्ड' या 2024 च्या कादंबरीची सुरुवात ही अशी, अगदी ठरीव. देश आयर्लंड, काळ 1950 च्या दशकातला. तपासाला येतो इन्स्पेक्टर स्ट्रॅफर्ड, कॅथलिकांनी भरलेल्या पोलीस दलातला प्रॉटेस्टंट अधिकारी. दुसरा माणूस डॉक्टर क्वर्क, डब्लिनच्या एका इस्पितळात शवविच्छेदन करणारा. तो अनाथ, संस्थेत वाढलेला आणि दारूपुढे हतबल. दोघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. क्वर्कभोवती फिरणाऱ्या या मालिकेतलं रहस्य कधीच फार बिकट नसतं. सराईत वाचकाला निम्म्यावरच वास लागतो. शेवटच्या पानावर धक्का हवा असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

तरीही मालिकेतलं नवं पुस्तक मी सोडत नाही, आणि त्याचं कारण साहित्यिक कमी, राजकीय जास्त आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत आयरिश सरकारने मुलांना आणि अविवाहित मातांना ठेवणाऱ्या आपल्या देशातल्या संस्थांमध्ये घडलेल्या गुन्ह्यांवर हजारो पानांचे अहवाल काढले. किती मुलं दगावली, किती बायका कोंडल्या गेल्या, कुठल्या साली कुठल्या खात्याने किती पैसे दिले, हे सगळं त्यांत आहे. कोणी केलं, हे बहुतेक ठिकाणी नाही. रहस्यकथेला मात्र त्याशिवाय दुसरा प्रश्नच ठाऊक नसतो. विद्वानांना तो बाळबोध वाटतो. माझं म्हणणं असं की आयर्लंडच्या बाबतीत तोच प्रश्न लोकशाहीच्या कामाचा आहे, आणि सरकारने तो बाजूला सारला तेव्हा तो जपून ठेवण्याचं काम या हलक्या समजल्या जाणाऱ्या वाङ्मयप्रकाराने केलं.

मालिकेतली पहिली कादंबरी 2006 ची. आदल्याच वर्षी बॅन्व्हिल यांना बुकर पारितोषिक मिळालं होतं. त्यानंतर त्यांनी बेंजामिन ब्लॅक हे टोपणनाव घेऊन खुनाच्या गोष्टी लिहायला घेतल्या. (ते टोपणनाव त्यांनी 2020 मध्ये टाकून दिलं, ते बरंच झालं.) त्या पहिल्या कादंबरीत क्वर्क एका रात्री झिंगलेल्या अवस्थेत आपल्या शवागारात जातो. तिथे त्याचा मानलेला भाऊ, शहरातला नामांकित प्रसूतितज्ज्ञ, एका मेलेल्या तरुणीच्या कागदांत फेरफार करत बसलेला असतो. ती बाळंतपणात गेली. मग बाळ कुठे आहे? हा धागा ओढत ओढत गोष्ट बोस्टनपर्यंत जाते. अविवाहित मुलींची बाळं गुपचूप अमेरिकेला पाठवली जात असतात. या साखळीत डॉक्टर आहेत, नन आहेत, पैसेवाला देणगीदार आहे, न्यायाधीश आहे. शेवटी क्वर्कच्या हातात नावं येतात. तोवर त्याचा पाय मोडलेला असतो, आणि तुरुंगात कोणीच जात नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या वाचकाला हा शेवट पचायला वेळ लागतो.

यातलं बाळं पाठवण्याचं प्रकरण लेखकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. आयर्लंडमध्ये 1952 चा कायदा येईपर्यंत कायदेशीर दत्तकविधानच नव्हतं. त्याच्या आधीपासून आणि नंतरही, 1940 च्या दशकापासून 1970 च्या आसपासपर्यंत, 2000 हून अधिक मुलं अमेरिकेला पाठवली गेली. त्यांच्यासाठी परराष्ट्र खात्याने पासपोर्ट काढून दिले. डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांनी अटी घालून दिल्या होत्या. जोडपं धर्माचरण करणारं कॅथलिक हवं, मूल कॅथलिक शाळेत जाईल अशी हमी हवी, शिवाय जोडपं जाणूनबुजून स्वतःचं मूल टाळत नाही असा डॉक्टरचा दाखलाही हवा. 1996 मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात या प्रकरणांच्या फायली समोर आल्या तेव्हा देशाला त्याचा आवाका कळला. अर्ज, दाखले, पत्रव्यवहार असा तो सगळा ऐवज. असल्या ऐवजाबद्दल 'काळच तसा होता' हे वाक्य मला फार पोकळ वाटतं. काळ अर्जावर सही करत नाही.

आता अहवालांकडे येऊ. मुलांवरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी 2000 मध्ये आयोग नेमला गेला. पहिल्या अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय सरकारकडून पुरेसं सहकार्य मिळत नसल्याची तक्रार करून 2003 मध्ये बाजूला झाल्या, आणि पुढचं काम न्यायमूर्ती शॉन रायन यांच्याकडे आलं. 20 मे 2009 ला अहवाल बाहेर पडला. पाच खंड, 2600 च्या आसपास पानं. धर्मसंस्थांनी चालवलेल्या औद्योगिक शाळा (गरीब, निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी शाळा) आणि सुधारगृहांमधली मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार, सगळं इतक्या तपशिलात की सलग वाचवत नाही. पण अत्याचार करणाऱ्यांना तिथे टोपणनावं आहेत. ख्रिश्चन ब्रदर्स ही संस्था कोर्टात गेली होती. त्यानंतर 2004 मध्ये आयोगाने पवित्रा बदलला, आणि अत्याचारी माणूस जिवंत असो की मेलेला, त्याची ओळख पटेल असं छापायचं नाही असं ठरलं. काही जणांवर वेगळ्या तक्रारींतून खटले झाले, शिक्षाही झाल्या. अहवालाच्या पानांवर मात्र मार खाणाऱ्या मुलाची कहाणी खरी आणि मारणाऱ्याचं नाव बनावट. कादंबरीकाराने पुढे आपलं टोपणनाव टाकलं, राज्याने ते गुन्हेगारांना देऊ केलं.

2021 चा अहवाल माझ्या मते याहून गंभीर आहे, कारण तिथे नावं नुसती झाकलेली नाहीत, दोषच वाटून टाकलेला आहे. हा आयोग होता अविवाहित माता आणि त्यांच्या बाळांसाठीच्या 18 संस्थांवरचा. 56,000 च्या आसपास स्त्रिया तिथे राहिल्या, सुमारे 9000 मुलं मेली. त्या संस्थांमध्ये असलेल्या मुलांपैकी हे प्रमाण 15 टक्के पडतं. आणि निष्कर्ष? या स्त्रियांना मिळालेल्या कठोर वागणुकीची जबाबदारी मुख्यतः मुलांचे बाप आणि मुलींच्या घरचे यांच्यावर, सरकारने आणि चर्चने तिला पाठबळ दिलं, ती चालवून घेतली. पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी संसदेत माफी मागितली. त्या दिवसांतला त्यांचा सूर असा होता की समाज म्हणून हे आपणच आपल्याला केलं.

ऐकायला हे उदार वाटतं. पण रहस्यकथेच्या वाचकाला ही युक्ती ओळखीची आहे: सगळ्यांनी मिळून खून केलेला असतो, म्हणून गुप्तहेर मोठ्या मनाने कोणालाच धरत नाही. पुस्तकात ते खपतं, कारण मेलेला माणूस बहुधा नीच असतो. इथे मेलेली माणसं महिन्या-दोन महिन्यांची होती. आणि 'बाप' म्हणजे तरी कोण? त्या मुलांच्या जन्मदाखल्यांत बापाचा रकाना बहुतेक वेळा कोरा असायचा. बापावर ठपका ठेवायचा आणि तो कोण हे विचारायचंच नाही, असा हा न्याय. क्वर्कच्या पहिल्या गोष्टीत मुलाचा बाप कोण हेच तर खरं गुपित आहे, आणि ते उघडं पडल्यावर चर्च, न्यायसंस्था आणि घर एकाच जेवणाच्या टेबलाशी बसलेली दिसतात. अहवालाला 3000 च्या आसपास पानांत जे जमलं नाही ते इथे एका नात्याने कळतं.

गंमत म्हणजे स्वतः बॅन्व्हिल निबंध लिहायला बसले की 'आपण सगळे' याच बाजूला झुकतात. रायन अहवाल आला तेव्हा एका अमेरिकन दैनिकात त्यांनी लिहिलं होतं त्याचा आशय असा, की आम्हाला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही. ते प्रामाणिक आहेच. पण कादंबरीकार बॅन्व्हिल एवढ्यावर थांबू शकत नाहीत. तो वाङ्मयप्रकारच त्यांना थांबू देत नाही. प्रेत आहे तर मारणारा हवा, आणि मारणाऱ्याला घर, पत्ता, आवडती व्हिस्की, सगळं हवं. प्रकाराची ही बळजबरी मला मोलाची वाटते.

या देशात रहस्यकथेचं काम पुस्तकाबाहेरही झालेलं आहे, तेही बिनसरकारी माणसांकडून. गॉलवे परगण्यातल्या ट्यूम या गावातल्या कॅथरीन कॉर्लेस या पेशाने इतिहासकार नाहीत. गावातली माता-बालक संस्था बॉन सेकूर नन चालवत होत्या, 1925 ते 1961. तिथे किती मुलं मेली, एवढंच कॉर्लेस यांनी निबंधक कार्यालयात विचारलं आणि पदरचे पैसे मोडून मृत्यूचे दाखले काढले. ते निघाले 796. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो कुठल्याही गुप्तहेराने विचारला असता: दफन कुठे केलं? आसपासच्या दफनभूमींच्या नोंदींत ती मुलं नव्हती. 2014 मध्ये ही बातमी जगभर गेली, मार्च 2017 मध्ये आयोगाने जाहीर केलं की सांडपाण्याशी संबंधित जुन्या भूमिगत बांधकामात मानवी अवशेष मोठ्या प्रमाणात सापडले आहेत. पूर्ण उत्खनन सुरू व्हायला जुलै 2025 उजाडला. इतकी वर्षं कशासाठी लागली याचा तपास कोणी करत नाहीये, तो करण्याजोगा आहे. ट्यूममध्ये काम करणारे तज्ज्ञ हाडांवरून आणि डीएनएवरून मुलांना नावं देण्याचा प्रयत्न करतील. मेलेल्यांना नाव मिळेल. त्यांना तिथे टाकणाऱ्यांना मिळेल, अशी चिन्हं नाहीत.

'कोणी केलं' हा प्रश्न सगळीकडे लागू पडतो असं मात्र मी म्हणत नाही. एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार 28 ऑक्टोबर 2012 ला गॉलवेच्या इस्पितळात रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेली. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने आणि नवऱ्याने गर्भपाताची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. कोरोनरपुढच्या, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या चौकशीत ज्यूरीने एप्रिल 2013 मध्ये वैद्यकीय दुर्घटना असा निर्णय दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोग्य सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेच्या अहवालाने हुकलेल्या 13 संधी मोजून दाखवल्या. इथे एखादी परिचारिका किंवा एखादी डॉक्टर पकडून तिला खलनायिका करणारी कादंबरी कोणी लिहिली तर ती खोटी ठरेल. चुका झाल्या, त्या अहवालात आहेत. पण डॉक्टरांना बाईच्या नाडीआधी गर्भाच्या ठोक्यांकडे पाहायला लावणारं कलम घटनेत होतं, आणि ते 1983 मध्ये सार्वमताने, 67 टक्क्यांच्या आसपास मतांनी, घातलेलं होतं.

म्हणून मला फरक असा करावासा वाटतो. 1983 चं कलम खरोखरच समाजाने केलं, मतपेटीत चिठ्ठी टाकून. तिथे 'आपण' हा शब्द जसाच्या तसा खरा आहे, आणि त्याची दुरुस्तीही त्याच मार्गाने, 25 मे 2018 ला, 66.4 टक्के मतांनी झाली. पण बंद खोलीत मुलावर पट्टा उगारणारा हात, मृत बाळ भूमिगत टाकीत ठेवायला सांगणारा आवाज, दाखल्यात खोटी जन्मदात्री लिहिणारी लेखणी, यांसाठी कोणी मतदान केलं नव्हतं. तिथे 'आपण' म्हणणं म्हणजे गर्दीत चोराला वाट करून देणं.

उत्तर आयर्लंडची गोष्ट वेगळी, आणि तिथे माझीच भूमिका थोडी डळमळते. तिथल्या संघर्षात 3500 हून अधिक माणसं मेली, आणि हजाराहून अधिक हत्यांचा छडा आजही लागलेला नाही. ब्रिटिश संसदेने 2023 मध्ये कायदाच केला की 1 मे 2024 नंतर जुन्या मृत्यूंच्या कोरोनरपुढच्या चौकश्या बंद. सशर्त माफीचीही तरतूद होती, ती बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने मानवी हक्कांशी विसंगत ठरवली, आणि नव्या सरकारने कायदा बदलण्याचं मान्य केलं. त्या कायद्याबद्दल सहानुभूती वाटण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण त्याच भूमीत 1999 पासून आणखी एक व्यवस्था आहे. आयआरए (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) आणि तिच्यासारख्या गटांनी मारून गुपचूप पुरलेल्या माणसांचे अवशेष शोधणारा आयोग. त्याला कोणी माहिती दिली तर ती फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. घरच्यांना हाडं मिळतात, मारेकऱ्याचं नाव मिळत नाही. दलदलीत वर्षानुवर्षं खणणाऱ्या त्या माणसांनी बहुतेक बेपत्ता लोक घरच्यांच्या हवाली केले. हा सौदा वाईट आहे असं मी त्या घरांतल्या कोणाच्या तोंडावर म्हणू शकणार नाही. एड्रियन मॅकिंटी यांच्या मालिकेतला शॉन डफी, 1980 च्या दशकातल्या पोलिसांतला कॅथलिक अधिकारी, रोज सकाळी गाडीखाली वाकून बॉम्ब आहे का पाहतो. त्याला खुनी कळला तरी कोर्टापर्यंत नेता येईलच असं नसतं. तिथे सौदा निदान उघड आहे, आणि घरच्यांना त्या बदल्यात काही तरी मिळालं. दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, नावं सोडून दिली गेली आणि बदल्यात काही मिळालंही नाही.

एवढी तरफदारी केल्यावर बॅन्व्हिल यांच्याशी माझं भांडण आहे ते सांगतो. ही मालिका 1950 च्या दशकातून हलायलाच तयार नाही. धुकं, कोळशाचा धूर, ओले ओव्हरकोट, चर्चच्या घंटा: वाचकाला तिथे बरं वाटतं, आणि तीच अडचण आहे. पुस्तक मिटून तो म्हणतो, बापरे, काय काळ होता. डब्लिनमधलं शेवटचं मॅग्डालीन धुलाईगृह, जिथे नन लोकांच्या देखरेखीखाली बायका बिनपगारी कपडे धुवायच्या, ऑक्टोबर 1996 मध्ये बंद झालं. तेव्हा देशात परकीय भांडवल येऊन भरभराट सुरू झालेली होती.

दुसरं, पोलीस. स्ट्रॅफर्ड सभ्य आहे, एकाकी आहे, वरून दबाव आला की अस्वस्थ होतो. 2020 च्या कादंबरीत एका पाद्र्याचा खून होतो, प्रकरण दाबण्यासाठी वरून पावलं उचलली जातात आणि हा मधल्यामध्ये सापडतो. वाचताना आपण त्याच्या बाजूचे होतो. पण त्याचं दल या प्रकरणांत तटस्थ नव्हतं. धुलाईगृहांवरच्या 2013 च्या मॅकअलीस अहवालात 1922 पासूनच्या सुमारे 10,000 बायकांची नोंद आहे. ज्यांच्या येण्याचा मार्ग कळतो त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक सरकारी यंत्रणांमार्फत आलेल्या, आणि त्या यंत्रणांत पोलीसही होते. पळालेल्या मुलींना परत आणून सोडणारे गणवेशातले शिपाई स्ट्रॅफर्डचे सहकारी. एखाद्या तपासात त्याला अशा शिपायाचं नाव कळायला हवं, आणि तो शिपाई चांगला, कष्टाळू, चार पोरांचा बाप असायला हवा.

वर्तमानात येणं या प्रकाराला अशक्य नाही. टाना फ्रेंच यांनी 2012 च्या कादंबरीत आर्थिक कोसळणीनंतर अर्धवट सोडलेल्या घरांच्या वसाहतीत खून ठेवला, आणि बिल्डर, बँका, फसलेली तरुण जोडपी सगळी त्यात आली. गुन्ह्यांच्या लिखाणाचं भय आयरिश राज्याला फार आधीच वाटलं होतं. 1929 च्या सेन्सॉरशिप कायद्याने अश्लीलतेबरोबरच गुन्ह्यांच्या मजकुराला फार जागा देणाऱ्या नियतकालिकांवरही बंदी घालता येत असे. त्याच वेळी भिंतींआड काय चाललं होतं हे लक्षात घेतलं तर ते कलम फार विचारपूर्वक लिहिलेलं वाटतं.

मला या मालिकेकडून पुढची कादंबरी हवी ती 2002 सालची. क्वर्क तोवर गेलेला असेल, त्याची मुलगी फीबी सत्तरीत असेल, चालेल. त्या वर्षी संस्थांमध्ये अत्याचार सोसलेल्यांसाठी नुकसानभरपाईचा कायदा झाला. भरपाई घेणाऱ्याने आपल्या अर्जाबद्दल किंवा मिळालेल्या रकमेबद्दल ओळख पटेल असं काही जाहीर केलं तर तो गुन्हा, दंड किंवा तुरुंगवास. म्हणजे एवढ्या सगळ्या प्रकरणात शिक्षेची स्पष्ट तरतूद होती ती तोंड उघडणाऱ्या पीडिताला. त्याच वर्षी जूनमध्ये, नवं सरकार सत्तेवर येण्याच्या तोंडावर, शिक्षणमंत्री मायकल वुड्स यांनी 18 धर्मसंस्थांशी करार केला: संस्थांनी 128 दशलक्ष युरोंची रोकड, मालमत्ता आणि सेवा द्यायच्या, त्यापुढचा भार सरकारचा. पुढे एकूण खर्च दीड अब्ज युरोंच्या घरात गेला. यात प्रेत नाही. एक खोली आहे, मंत्री आहे, नन आणि ब्रदर्सचे वकील आहेत, मसुद्याच्या प्रती आहेत. कोणत्या वाक्यावर कोण अडून बसलं, आकडा तिथेच का थांबला, कोणाला त्या बैठकीला बोलावलंच नाही, एवढा तपास फीबीने करावा. सह्या कोणाच्या, हे शोधायची गरज पडणार नाही. त्या कागदावरच आहेत.